व्हॉल्व्ह बदलायचा ठरला, पण कुठला? मेटलचा की टिश्यूचा?

गडहिंग्लज_दवाखाना

नमस्कार मंडळी. हृदयाचं ऑपरेशन ठरलेल्या घरांतून एकच प्रश्न येतो: मेटलचा व्हॉल्व्ह घालायचा की टिश्यूचा? सर्जन दोन्ही पर्याय सांगतात, "घरी बोलून कळवा" म्हणतात, आणि घरचे गावाजवळच्या डॉक्टरकडं येतात. चर्चा भरकटू नये म्हणून एक उदाहरण धरू. चंदगड तालुक्यातली ४२ वर्षांची शेतकरी बाई. लहानपणी सांधे धरून आलेल्या रुमॅटिक तापानं मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप) खराब झालाय, अरुंदही आहे आणि गळतोही.

माझं मत आधीच मांडतो. कुठल्या कंपनीचा व्हॉल्व्ह हा प्रश्न अगदी शेवटचा. पुढची वीस वर्षं या बाईचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) कोण तपासणार, कुठं तपासणार आणि रिपोर्ट बघून रक्त पातळ करायची गोळी कोण बदलणार, हे आधी ठरवा. त्याला उत्तर असेल तरच मेटलच्या व्हॉल्व्हबद्दल बोलू. पटतंय का?

कार्डिअॅक_ओटी

पटतंय, पण त्याच्याही आधी एक पायरी आहे. व्हॉल्व्ह बदलायलाच हवा का? नुसता अरुंद असेल, पडदे मऊ असतील, गळती किरकोळ असेल आणि डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नसेल, तर जांघेतून फुगा नेऊन मोकळा करता येतो. १९८४ मध्ये जपानच्या इनोए यांनी आणलेली ही पद्धत आपल्याकडं सर्रास होते. गुठळी साध्या छातीवरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सुटू शकते, म्हणून फुग्याआधी अन्ननलिकेतून इको करायचाच. उदाहरणातल्या बाईला गळती आहे, म्हणजे फुगा बहुतेक बाद.

दुरुस्ती होते का, हेही सर्जनला स्पष्ट विचारा. रुमॅटिक व्हॉल्व्हचे पडदे जाड होतात, खालच्या दोऱ्या आखडून एकमेकींना चिकटतात, त्यामुळं इतर कारणांनी गळणाऱ्या व्हॉल्व्हची दुरुस्ती जितकी टिकते तितकी ही टिकत नाही. तरी रोज असल्या केसेस हाताळणारा सर्जन "होईल" म्हणत असेल तर ऐकून घ्या. स्वतःच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह नाही.

बदलायचाच असेल तर दोन जाती. मेटलचा म्हणजे बहुधा पायरोलिटिक कार्बनच्या दोन अर्धगोल पात्यांचा, १९७७ पासून वापरात असलेल्या सेंट ज्यूड धाटणीचा. व्हॉल्व्ह स्वतः झिजून निकामी होणं फार क्वचित. पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. टिश्यूचा म्हणजे डुकराच्या व्हॉल्व्हचा किंवा गाई-बैलाच्या हृदयावरच्या आवरणाचा, ग्लुटारल्डिहाइड या रसायनात पक्का केलेला. गोळी साधारण तीन ते सहा महिने, पण कालांतरानं त्यात कॅल्शियम बसतं. पाती ताठ होतात किंवा फाटतात. पेशंट जितका तरुण तितकं हे लवकर घडतं, आणि एऑर्टिकपेक्षा (हृदयातून महाधमनीकडं जाणाऱ्या वाटेवरच्या झडपेपेक्षा) मायट्रल जागेवर लवकर घडतं, कारण दर ठोक्याला बंद व्हॉल्व्हवर डाव्या जवनिकेचा, म्हणजे खालच्या कप्प्याचा, पूर्ण दाब येतो.

भुदरगडकर

म्हणूनच मला वाटतं की दुर्गम भागात टिश्यूचाच बरा. कागदावर आयएनआर दर महिन्याला होतो. प्रत्यक्षात सुगीत कोण तालुक्याला जाणार? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की एसटी बंद. गोळी चुकली की मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी, गोळी जास्त झाली की डोक्यात रक्तस्राव. दोन्हीकडून जीवावर. टिश्यूचा बिघडला तर निदान हळूहळू बिघडतो, धाप लागते, इकोत दिसतो, वेळ मिळतो.

कार्डिअॅक_ओटी

@भुदरगडकर, टिश्यूचा हळू बिघडतो हे बरोबर. पण ४२ व्या वर्षी मायट्रलला टिश्यू घातला तर पंचावन्नच्या आसपास, कदाचित आधीच, दुसरं ऑपरेशन येणार हे धरून चालावं लागतं. दुसऱ्या वेळी छाती उघडताना उजवी जवनिका उरोस्थीच्या मागं चिकटलेली असते. करवत चालवताना ती फाटू शकते. धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त, आणि तोवर फुफ्फुसातला दाब वाढलेला असेल तर आणखी जास्त.

वयाचे आकडेही बघा. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मायट्रलसाठी ६५ च्या खाली मेटल रास्त, वर टिश्यू. एऑर्टिकसाठी ५० च्या खाली मेटल, ६५ च्या वर टिश्यू, मधे चर्चा करून. कॅलिफोर्नियातल्या पेशंटांवरचा २०१७ चा मोठा अभ्यास आहे. त्यात मायट्रल जागेवर मेटल घातलेले लोक जास्त जगतात हा फरक ७० वर्षांपर्यंत दिसला, एऑर्टिकवर फक्त ५५ पर्यंत. म्हणजे मायट्रल आणि एऑर्टिकला एकाच मापानं मोजायचं नाही.

भुदरगडकर

कॅलिफोर्नियातल्या पेशंटला आयएनआर हाकेच्या अंतरावर मिळतो. तो फरक आकड्यांत आलेला नाही. चंदगडच्या बाईला तो आकडा जसाच्या तसा लागू करू नका, एवढंच म्हणणं आहे.

गडहिंग्लज_दवाखाना

हा मुद्दा मान्य. म्हणूनच पहिला प्रश्न आयएनआरचा ठेवला. चंदगडहून कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. ऑपरेशन कोल्हापुरात झालं म्हणून दर महिन्याला कोल्हापुरातच रक्त द्यायला हवं असं कुठंय? चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव, जिथं जवळ पडेल तिथं द्या, रिपोर्ट फोनवर पाठवा. फक्त लॅब एकच धरा.

लॅब_राजारामपुरी

लॅबबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मा घोळ इथं होतो.

आयएनआरची नळी निळ्या बुचाची. आत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे २.७ मिली रक्तात ०.३ मिली. नळीवर रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत आलंच पाहिजे. शीर सापडत नाही म्हणून अर्धीच नळी भरली तर सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर खोटाच जास्त येतो. रिपोर्टवर ४ दिसतो, डॉक्टर गोळी कमी करतात, प्रत्यक्षात पेशंट २.५ वर असतो आणि तिथून खाली जातो. मेटलच्या मायट्रलला याच वाटेनं गुठळी होऊ शकते. रक्त घेताना रेघ बघायचा हक्क पेशंटला आहे, बेलाशक बघा. नळी भरल्यावर हलक्या हातानं तीन-चार वेळा उलटसुलट करायची, घुसळायची नाही.

दुसरं, तपासणीत वापरायच्या प्रत्येक अभिकर्मकाचा (रसायनाचा) आयएसआय, म्हणजे संवेदनशीलतेचा आकडा, वेगळा असतो. आयएनआर काढतातच तो फरक भरून काढायला, तरी दोन लॅबमध्ये थोडाफार फरक राहतो. आज इथं, उद्या तिथं केलं की खरा बदल कुठला आणि लॅबचा फरक कुठला हे कळत नाही. रिपोर्ट अचानक वेगळा आला आणि गोळी, जेवण, औषधं काहीच बदललं नसेल, तर आधी नवीन नळीत पुन्हा तपासा, मग गोळीला हात लावा.

पन्हाळा_रोड

बोटातून थेंब घेऊन घरी तपासायचं मशीन मिळतं ना? त्याचं काय?

लॅब_राजारामपुरी

मिळतं. चांगलं चालतं, पण पट्ट्या महाग पडतात आणि ऊन लागलं की खराब होतात. दोन-तीन वाड्यांत मिळून असे चार-पाच पेशंट असतील तर एक मशीन आरोग्य उपकेंद्रात ठेवणं हा उत्तम मार्ग. अधूनमधून शिरेच्या रक्ताशी ताडून बघायचं. मशीनवर ४ च्या वर आलं तर लॅबमध्ये खात्री करून घ्या.

फार्मासिस्ट_शाहूपुरी

गोळीबद्दल. आपल्याकडं जास्त चालते ती ॲसिनोकुमॅरॉल, म्हणजे ॲसिट्रॉम. काही डॉक्टर वॉरफरिन देतात. दोन्ही एकाच जातीच्या, पण ॲसिट्रॉमचा असर लवकर उतरतो. एक दिवस चुकला तर ॲसिट्रॉमवाल्याचा आयएनआर वॉरफरिनवाल्यापेक्षा लवकर घसरतो. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अदलाबदल करायची नाही. दुकानात एक नाही म्हणून दुसरी दिली तर घेऊ नका.

वेळ संध्याकाळची ठेवा, म्हणजे सकाळच्या रिपोर्टवर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. विसरलं आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर चुकलेली सोडा, दुप्पट घेऊ नका.

आता खरी धास्ती इतर औषधांची. मेट्रोनिडॅझोल (जुलाबाला सर्रास दिली जाते), को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल, अमिओडॅरोन यांनी आयएनआर चढतो. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन यांनी उतरतो. रिफाम्पिसिन चालू असताना गोळी कितीतरी पट वाढवावी लागते आणि ती बंद झाल्यावर तितकीच खाली आणावी लागते, तिथंच रक्तस्राव होतात. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको. पॅरासिटॅमॉल चालेल. पोटात पाच-सात दिवस नवीन गोळी जाणार असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी आयएनआर करा.

मिरची_कांडप

जेवणाचं सांगा की कुणीतरी. मेथी, पालक, शेपू बंद करा म्हणून सांगतात. तांबडा-पांढरा रस्सापण बंद म्हणे!

गडहिंग्लज_दवाखाना

रस्सा बंद नाही. मिठावर लक्ष ठेवा, एवढंच. पालेभाज्याही बंद नाहीत. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळं गोळीचा असर कमी होतो, पण रोजचं प्रमाण सारखं असेल तर गोळी त्यानुसार बसवता येते. अडचण होते ती श्रावणात एकदम रोज भाजी आणि नंतर महिनाभर नाही, अशा चढउतारानं. आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच खात राहा. भाजी पूर्ण तोडलेल्या पेशंटचा आयएनआर उलट जास्त डुलतो. दारू मात्र नको, आणि झाडपाल्याचा काढा डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको.

ताराराणी

बायकांच्या बाबतीत एक प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारायला हवा आणि इथं अजून कुणी विचारला नाही: पुढं मूल हवंय का?

मेटलचा व्हॉल्व्ह आणि गरोदरपण हे फार अवघड समीकरण आहे. वॉरफरिन जातीची गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांवर, नाकावर परिणाम करते. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. वॉरफरिन दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी असतो, शून्य नसतो. त्याऐवजी रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शनं दिली तर बाळ वाचतं, पण आईच्या व्हॉल्व्हवर गुठळीची भीती वाढते. त्यासाठी अँटी-टेन-ए पातळी (हेपरिनचा असर किती ते दाखवणारी रक्ततपासणी) वारंवार तपासून डोस बदलावा लागतो आणि ती तपासणी सगळीकडं होत नाही. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गोळी थांबवून हेपरिनवर आणावंच लागतं, नाहीतर प्रसूतीत बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून २४-२५ वर्षांच्या, मूल हव्या असलेल्या मुलीला टिश्यूचा व्हॉल्व्ह घालून दुसरं ऑपरेशन मान्य करणं हा शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. तो तिचा निर्णय आहे, सासूचा नाही. सही घेण्याआधी तिला एकटीला बसवून हे सगळं समजावून सांगा. आणि ४२ च्या बाईला मासिक पाळी आहे हेही लक्षात ठेवा. गोळी सुरू झाल्यावर रक्तस्राव वाढतो, हिमोग्लोबिन उतरतं. आधीच अंगावर जास्त जात असेल तर ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी करून गाठी आहेत का ते बघा.

तालीम_मंगळवार_पेठ

एऑर्टिक व्हॉल्व्ह बदललेल्या तरुणाला पुन्हा लाल मातीत उतरता येतं का?

कार्डिअॅक_ओटी

मेटलचा असेल तर कुस्ती नाही. डोकं आपटलं, पोटावर बसकण बसली तर आतला रक्तस्राव थांबत नाही. चालणं, पोहणं, सायकल चालते. बैठका हळूहळू वाढवा. टिश्यूचा असेल आणि गोळी बंद झाली असेल तर डॉक्टर इको बघून सांगतील. उसाच्या रानात कोयता चालवणाऱ्यालाही हाच विचार. कापलं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ फडक्यानं दाबून धरायचं. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी सीटी स्कॅन.

उद्यमनगर

वडील ७१ वर्षांचे, एऑर्टिक अरुंद झालाय. त्यांना जांघेतून बसवतात तो व्हॉल्व्ह सांगितलाय. याच धाग्यात विचारलं तर चालेल का?

कार्डिअॅक_ओटी

चालेल. ७१ ला एऑर्टिकसाठी टिश्यूच, यात वाद नाही. वाद आहे तो छाती उघडून की जांघेतून. जांघेतून बसवायची पद्धत २००२ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅलन क्रिबिए यांनी पहिल्यांदा केली, आता भारतात बनलेले व्हॉल्व्हही मिळतात. सीटी स्कॅनमध्ये चार गोष्टी बघतात: व्हॉल्व्हच्या कड्याचं माप, कॅल्शियम कुठं किती, हृदयाच्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर, आणि जांघेच्या धमन्या किती रुंद. कोरोनरी बायपासही लागणार असेल किंवा व्हॉल्व्ह जन्मतःच दोन पात्यांचा असेल तर उघडं ऑपरेशन अनेकदा सरस. नंतर पेसमेकर लागण्याची शक्यता विचारा, जांघेच्या पद्धतीत ती जास्त असते.

उघडं ऑपरेशन ठरलं तर व्हॉल्व्हचं माप विचारा. लहान चणीच्या माणसाच्या कड्यात १९ नंबरचाच बसला, तर पुढं तो बिघडल्यावर त्याच्या आत दुसरा बसवायला जागा उरत नाही. सर्जन कडं रुंद करून २१ किंवा २३ बसवू शकतात. पहिल्याच वेळी हे बोलून घ्या.

भुदरगडकर

मग हेच मायट्रलला का नाही? टिश्यूचा घाला, बिघडला की जांघेतून त्याच्या आत दुसरा.

कार्डिअॅक_ओटी

करतात, आणि वयस्कर पेशंटमध्ये छान होतं. पण ४२ च्या बाईच्या हिशोबात तो एकच डाव आहे. पंचावन्नला आत दुसरा बसवला, तो पासष्ट-सत्तरला बिघडला तर पुढं काय? शिवाय नव्या व्हॉल्व्हचा सांगाडा एऑर्टाकडं (महाधमनीकडं) जाणारी वाट अडवू शकतो, हे सीटी स्कॅनवर आधी बघावं लागतं. खर्चही उघड्या ऑपरेशनपेक्षा बराच जास्त.

निपाणी_नाका

स्वदेशी चित्रा व्हॉल्व्हबद्दल काय मत? स्वस्त म्हणून लोक बिचकतात.

कार्डिअॅक_ओटी

बिचकू नका. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेनं बनवला, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवला गेला, आजवर लाखावर पेशंटांत गेलाय. कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा सांगाडा, त्यात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची एकच तिरकी उघडणारी चकती, शिवायला पॉलिएस्टरचं कडं. पॉलिथिलीनमुळं आवाजही हलका. एका चकतीच्या व्हॉल्व्हला आयएनआरचं लक्ष्य दोन पात्यांच्यापेक्षा थोडं वर ठेवण्याकडं कल असतो, ते सर्जनकडून आकड्यात लिहून घ्या.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन येतं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि इको रिपोर्ट बरोबर न्या. योजनेत कुठला व्हॉल्व्ह बसतो आणि वेगळा घेतला तर वरचे पैसे लागतात का, हे दाखल व्हायच्या आधी विचारा.

मिरची_कांडप

आयएनआरची कटकटच नको, नवीन गोळ्या आल्यात ना? त्या द्या की.

फार्मासिस्ट_शाहूपुरी

मेटलच्या व्हॉल्व्हला अजिबात नाही. डॅबिगॅट्रान देऊन बघितलं, २०१३ मध्ये निकाल आला: गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. अ‍ॅपिक्साबॅनची चाचणी २०२२ मध्ये मधेच थांबवावी लागली. कुणी "ही गोळी चांगली, तपासणी लागत नाही" म्हणून बदलून दिली तर ती घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरला फोन करा.

गडहिंग्लज_दवाखाना

मूळ उदाहरणाकडं येऊ. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. बाईला दोन मुलं आहेत, आता नकोत. आणि ईसीजीत एट्रिअल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) आहे, डावा वरचा कप्पा ५६ मिलिमीटर, म्हणजे फुगलेला.

कार्डिअॅक_ओटी

मग पारडं मेटलकडं आणखी झुकलं. फिब्रिलेशनमुळं रक्त पातळ करायची गोळी तशीही चालूच राहणार, म्हणजे टिश्यूचा मोठा फायदा गेला.

भुदरगडकर

पूर्ण गेला नाही. फिब्रिलेशन असलेल्या टिश्यू मायट्रलच्या पेशंटांत रिव्हरॉक्साबॅन वॉरफरिनच्या तोडीस तोड ठरल्याचा ब्राझीलचा २०२० चा अभ्यास आहे. म्हणजे गोळी राहील, आयएनआर जाईल.

कार्डिअॅक_ओटी

बरोबर आहे, तो पर्याय उरतो, आणि जिथं आयएनआर होणारच नाही तिथं मीही टिश्यूच म्हणेन. पण या बाईचा रिपोर्ट बघणारा माणूस धागा काढूनच बसलाय. सर्जनला एवढं मात्र सांगा: व्हॉल्व्ह बदलताना खालच्या दोऱ्या शक्य तितक्या राखा, त्यानं जवनिकेची ताकद टिकते. आणि छाती उघडलीच आहे तर डाव्या वरच्या कप्प्याची पिशवी बंद करता येईल का ते बघा, गुठळ्या तिथंच धरतात.

भुदरगडकर

आयएनआर नक्की होणार असेल तर माझी हरकत नाही. पण व्हॉल्व्ह अडकला हे घरच्यांना कसं कळणार, ते लिहा.

कार्डिअॅक_ओटी

शांत खोलीत मेटलच्या व्हॉल्व्हचा टिक-टिक आवाज येतो. घरच्यांना तो ओळखीचा झाला पाहिजे. आवाज मंद झाला किंवा गेला, एकाएकी धाप लागली, आडवं झोपता येईना, तर त्याच तासाला हृदयाच्या रुग्णालयात. एक हात लुळा, तोंड वाकडं, बोबडी वळली तरीही तेच. तिथं कॅथलॅबमध्ये दोन पात्यांच्या व्हॉल्व्हची पाती नुसत्या एक्स-रेवर हलताना दिसतात, सुई टोचायचीही गरज नाही. गुठळी विरघळवायचं औषध की पुन्हा ऑपरेशन, हे ते ठरवतील.

ताराराणी

पेनिसिलिन विसरू नका. व्हॉल्व्ह बदलला म्हणजे रुमॅटिक ताप परत येणार नाही असं नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत किंवा शेवटच्या तापानंतर १० वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर, आणि धोका जास्त असेल तर जन्मभर.

गडहिंग्लज_दवाखाना

पण गोळी चालू असताना दर २१ दिवसांनी कमरेत १२ लाख युनिटचं इंजेक्शन म्हणजे स्नायूत रक्त साकळण्याची भीती. आयएनआर मर्यादेत असल्याची खात्री करून द्यायचं आणि दहा मिनिटं दाबून धरायचं. नाहीतर पेनिसिलिन-व्ही २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तोंडानं, पण ती खरंच रोज घेतली जातेय का हे बघायला हवं. व्हॉल्व्हचा आजार फार वाढलेल्या पेशंटांत इंजेक्शननंतर हृदय कोलमडल्याची उदाहरणं लक्षात घेऊन अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये अशांना तोंडानं द्यायचा सल्ला दिलाय.

पन्हाळा_रोड

दात काढायचा असेल तर गोळी बंद करायची ना?

फार्मासिस्ट_शाहूपुरी

स्वतःहून अजिबात नाही. आदल्या दिवशी आयएनआर करा. ३ च्या आत असेल तर एक-दोन दात गोळी चालू ठेवूनच काढतात, टाके घालतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या चुळा देतात. जंतूंसाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एकदाच. हे टिश्यूच्या व्हॉल्व्हलाही लागू. आणि किडलेले दात ऑपरेशनच्या आधीच काढून टाका, तेव्हा सोपं असतं.

गडहिंग्लज_दवाखाना

तर उदाहरणातल्या बाईला मेटलचा, दोन पात्यांचा किंवा चित्रा. लक्ष्य ३, मर्यादा २.५ ते ३.५; चित्रा असेल तर सर्जन लिहून देतील तो आकडा. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी आयएनआर, मग आठवड्याला, स्थिर झाला की महिन्याला. आकडा थोडा हलला तर रोजची गोळी बदलायची नाही, आठवड्याच्या एकूण डोसमध्ये पाच ते वीस टक्के फरक करायचा. डिस्चार्ज कार्डावर व्हॉल्व्हची कंपनी, मॉडेल, माप आणि सीरियल नंबर आहे का बघून घ्या. पुढं एमआरआय लागला किंवा अडकल्याची शंका आली तर हेच विचारतात. कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनवर ठेवा, आणि एक आमच्याकडं पाठवा.